आराखडा दप्तरात आणि वायू दारात!

14 एप्रिल 1944 हा दिवस मुंबईने विसरता कामा नये. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि त्यांच्याच संगतीला कापसाच्या गाठी! दुपारी धूर दिसला. पहिला स्फोट झाला तो चार वाजून सहा मिनिटांनी. मधले सुमारे दोन तास हातात होते. बोट बुडवावी की आणखी काय करावे, याचा निकाल लागण्याआधीच गोदी उद्ध्वस्त झाली. शेकडो माणसे गेली. अग्निशामक दलाच्या 66 जवानांनी प्राण दिले. शौर्य उणे नव्हते. उणी होती ती पूर्वतयारी.

चाळीस वर्षांनी, 2 डिसेंबर 1984 च्या रात्री, भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू निजलेल्या वस्त्यांत शिरला. लोक जिवाच्या आकांताने धावत सुटले. धावणाऱ्याचा श्वास जोराने चालतो आणि विष अधिकच आत जाते. तोंडावर ओले फडके धरावे, एवढे साधे वाक्यही त्यांना कोणी आधी सांगून ठेवले नव्हते!

या अनर्थानंतर कायदे झाले. ठरीव मर्यादेपेक्षा अधिक घातक रसायने बाळगणाऱ्या कारखान्याने भोवतालच्या लोकांना धोक्याचे स्वरूप आणि बचावाचे उपाय कळवावेत, कारखान्याबाहेरच्या संकटाचाही आराखडा असावा व त्याची वर्षातून एकदा तरी रंगीत तालीम व्हावी, असे 1989 चे नियम सांगतात. 1996 च्या नियमांनी तर औद्योगिक भागांसाठी स्थानिक समितीच नेमून दिली. तिची बैठक दरमहा व्हावी. तीत उपविभागीय दंडाधिकारी, कारखाने निरीक्षक, अग्निशमन अधिकारी, डॉक्टर, समाजसेवक आणि स्थानिक वृत्तपत्राचा संपादक असावा. संपादकाची खुर्ची कायद्यानेच राखून ठेवली आहे, हे येथे मुद्दाम नमूद करतो. कारण दोष इतरांच्या माथी मारण्यापूर्वी आम्हा वृत्तपत्रवाल्यांनी आरशात पाहिले पाहिजे. स्फोटानंतर पहिले पान भरणे सोपे असते. स्फोटापूर्वी त्या खुर्चीत बसून प्रश्न विचारणे, हे खरे कर्तव्य!

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 रोजी भीषण स्फोट झाला. आठ वर्षांनी, 23 मे 2024 रोजी, त्याच वसाहतीत पुन्हा माणसे मेली, पुन्हा शेजारच्या घरांची तावदाने फुटली. कारखाने हलवा, ही मागणी दोन्ही वेळा उठली. ती रास्तच आहे. परंतु कारखाना हलेपर्यंत भिंतीपलीकडच्या गृहिणीने काय करावे? त्या भिंतीआड काय साठवले आहे, हे तरी तिला ठाऊक आहे काय?

सर्व संकटांवर एकच तोडगा चालत नाही. बाहेर क्लोरीन सुटला तर दारे-खिडक्या लावून वरच्या मजल्यावर जावे, कारण तो हवेहून जड असून सखल जागी साचतो. घरात स्वयंपाकाचा वायू गळला तर मात्र खिडक्या उघडाव्यात आणि विजेच्या बटणाला हातही लावू नये. एका ठिकाणी तारणारा उपाय दुसऱ्या ठिकाणी मारील! म्हणून आराखडा मंत्रालयात असून भागत नाही. तो वस्तीवस्तीचा, गल्लीगल्लीचा हवा.

लोकांना सांगितले तर घबराट माजेल, असा शहाजोग युक्तिवाद केला जातो. आमचे स्पष्ट मत असे की, घबराट माजते ती अज्ञानाने. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक स्थानिक समितीच्या सभासदांची नावे आणि बैठकींचे वृत्तांत जाहीर करा. धोक्याच्या टापूतील घराघरांत मराठी-हिंदीतून एक-एक पत्रक पोहोचवा. रंगीत तालीम साहेबांपुढे नको, शाळांत आणि चाळींत घ्या. ही पत्रके छापावयास आमची पाने खुली आहेत.

एके काळी हे शहर गिरण्यांच्या भोंग्यावर उठत असे. कोणता भोंगा कशाचा, हे पोराटोरांनाही ठाऊक असे. जे शहर पोटासाठी भोंगा ओळखावयास शिकले, ते जिवासाठी आणखी एक भोंगा खचित शिकेल. मात्र त्याचा अर्थ तो वाजण्यापूर्वी सांगितला पाहिजे!