‘किती?’ आणि ‘कितीपर्यंत?’

शाळा सोडून वर्षें लोटलीं तरी वर्गसमीकरणाची ओळख बहुतेक सुशिक्षितांच्या मनांत राहते. त्याचें उत्तर म्हणजे एक किंवा दोन ठराविक संख्या. परंतु व्यवहार ‘किती?’ असें क्वचितच विचारतो. तो बहुधा ‘कितीपर्यंत?’ असें विचारतो. पुलावर भार कितीपर्यंत घालावा, गाडी किती वेगापर्यंत हाकावी, या प्रश्नांचें उत्तर एक संख्या नसून संख्यांचा एक पट्टा असतो. असा पट्टा ज्या विधानांतून निघतो त्यास असमीकरण म्हणतात. त्यांत अज्ञाताचा वर्ग आला कीं तें वर्ग असमीकरण होय.

एक उदाहरण घ्यावें. रात्रीं ओल्या, सपाट रस्त्यावरून मोटार चालली आहे. दिव्यांच्या उजेडांत ६० मीटरांपर्यंतचेंच दिसतें. तेथें एखादी बैलगाडी आडवी असली तर मोटार तिच्या अलीकडेच थांबली पाहिजे. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत १ सेकंद जातो, आणि त्यानंतर दर सेकंदास वेग सेकंदीं ५ मीटरांनीं घटतो, असें धरावें. मग वेग कितीपर्यंत असावा?

वेग सेकंदीं क्ष मीटर मानला, तर पहिल्या सेकंदांत मोटार क्ष मीटर जाते. पुढें ती थांबण्यास क्ष/५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळांतील सरासरी वेग क्ष/२, म्हणून अंतर क्ष²/१० मीटर. ‘अलीकडेच’ या शब्दाचा अर्थ ‘६० हून कमी’. म्हणून

क्ष + क्ष²/१० < ६०

दोन्ही बाजूंस १० नें गुणून व अवयव पाडून

(क्ष + ३०)(क्ष − २०) < ०

येथेंच पुष्कळ विद्यार्थी ठेंच खातात. गुणाकार ० हून कमी, म्हणून प्रत्येक अवयव ० हून कमी, असें ते लिहून टाकतात. वस्तुतः गुणाकार ऋण होण्यास एक अवयव धन व दुसरा ऋण असावा लागतो. क्ष + ३० हा मोठा, म्हणून तो धन. क्ष − २० हा ऋण. अर्थात् क्ष हा उणे ३० व २० यांच्या दरम्यान असला पाहिजे.

येथें बीजगणिताचें काम संपतें. उदाहरणाचें संपत नाहीं. पुढें जाणाऱ्या मोटारीचा वेग ऋण नसतो, म्हणून पट्ट्याचा तेवढा भाग टाकावा लागतो. बाराव्या शतकांतील भास्कराचार्यांनीं आपल्या ‘बीजगणितां’त असाच विवेक दाखविला आहे. कळपाच्या पंचमांशांतून ३ वजा करून उरलेल्याच्या वर्गाइतके वानर गुहेंत गेले व एक फांदीवर दिसला, तर एकूण किती? समीकरणाचीं उत्तरें ५० व ५ येतात. परंतु ५ चा पंचमांश १. त्यांतून ३ कसे वजा करावे? म्हणून आचार्यांनीं ५ हें उत्तर अग्राह्य ठरविलें.

मोटारीचा वेग, तेव्हां, सेकंदीं २० मीटरांहून, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटरांहून कमी हवा. बरोबर ७२ असल्यास ती बैलगाडीस टेकूनच थांबेल.

आतां धुकें पडून २० मीटरांपर्यंतचेंच दिसूं लागलें, तर असमीकरण (क्ष + २०)(क्ष − १०) < ० असें होतें, आणि मर्यादा ताशीं ३६ किलोमीटरांवर येते. वेग दुप्पट झाला कीं थांबण्याचें अंतर दुपटीवर न राहतां येथें तिप्पट होतें; तो वर्गाचा परिणाम. धुक्यांतही ताशीं ७२ चाच वेग ठेवणाऱ्यास थांबण्यासाठीं ६० मीटर लागतात, आणि दिसतात केवळ २०. टायर झिजले असतील किंवा रस्ता उताराचा असेल, तर मर्यादा याहूनही खालीं येते. आंकडे बदलतात, रीत तीच राहते.

शब्दांतून चिन्ह निवडावें, अवयवांच्या चिन्हांवरून पट्टा काढावा आणि तो पुन्हा शब्दांशीं ताडून पाहावा. यांतील शेवटची पायरी परीक्षेंत गाळली तर गुण जातात. रस्त्यावर गाळली तर जीव जातो.