आभासी संगणक : बंद करण्याचा निर्णय कोणाचा?

काम संपल्यावर दिवा, पंखा आणि संगणक बंद करावा, ही काटकसरीची शिकवण कार्यालयांमध्ये चांगलीच रुजली आहे. टेबलावरील संगणकाबाबत ती योग्यही आहे. आभासी संगणकाबाबत मात्र याच सवयीमुळे सेवेत खंड पडू शकतो आणि काही वेळा खर्चातही बचत होत नाही.

व्यवस्थेचे स्वरूप

या व्यवस्थेत कर्मचाऱ्यासमोर पडदा, कळफलक, माउस आणि जोडणीचे एक छोटे उपकरण एवढेच असते. प्रत्यक्ष काम दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर चालते. एका सर्व्हरचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र संगणकांत विभाजन केलेले असते. माहिती मध्यवर्ती ठिकाणी सुरक्षित राहते आणि देखभाल सोपी होते. मार्च २०२० मधील टाळेबंदीत घरून काम करणे अपरिहार्य झाले, तेव्हा या व्यवस्थेची उपयुक्तता विशेषत्वाने जाणवली.

अडचण कोठे येते?

कर्मचाऱ्याने 'शट डाउन' ही आज्ञा दिली की दूरच्या सर्व्हरवरील त्याचा आभासी संगणक बंद होतो. दुसऱ्या दिवशी टेबलावरील बटण दाबल्याने केवळ समोरचे उपकरण सुरू होते. आभासी संगणक सुरू करण्याचे काम नियंत्रक सॉफ्टवेअरला करावे लागते. तशी तरतूद नसल्यास जोडणीच होत नाही आणि तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. तरतूद असली, तरी कार्यालय उघडताच शेकडो संगणक एकदम सुरू होऊ लागल्यास साठवण यंत्रणेवर असाधारण ताण येतो. तंत्रज्ञ त्याला 'बूट स्टॉर्म' म्हणतात. त्याची किंमत अखेर खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या नागरिकाला मोजावी लागते.

उपलब्ध उपाय

पहिला उपाय सोपा आहे. विंडोजमधील समूह धोरणाद्वारे 'शट डाउन' ही आज्ञा वापरकर्त्याच्या पडद्यावरून काढून टाकता येते. 'साइन आउट' केल्यास चालू कार्यक्रम बंद होतात, पण संगणक सुरू राहतो. केवळ जोडणी तोडल्यास चालू कामही तसेच राहते.

दुसरा उपाय नियंत्रक सॉफ्टवेअरमध्ये आहे. होरायझन या प्रणालीत संगणक सदैव सुरू ठेवण्याचे धोरण निवडल्यास, वापरकर्त्याने बंद केलेला संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. सिट्रिक्सच्या प्रणालीत दिवसाच्या कोणत्या वेळी किती संगणक तयार असावेत, हे ठरवता येते. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर सेवेत वापरकर्त्याने जोडणी मागताच संगणक सुरू करण्याची सोय २०२१ पासून सर्वांना उपलब्ध आहे.

खर्चाचे गणित

भाड्याने घेतलेल्या सेवेत एक बाब सहज नजरेतून सुटते. अझ्युरमध्ये विंडोजच्या आतून संगणक बंद केला, तरी त्याच्यासाठी राखलेली क्षमता मोकळी होत नाही आणि तिचे भाडे चालूच राहते. व्यवस्थापकाने ती क्षमता परत केल्यावरच हे भाडे थांबते. साठवणुकीचे शुल्क त्यानंतरही द्यावे लागते. म्हणजेच वापरकर्त्याला बचत केल्याचे समाधान मिळते, देयक मात्र कमी होत नाही.

स्वतःच्या डेटा सेंटरमध्येही, सर्व्हर रिकामा असला तरी बरीच वीज वापरतो. त्यामुळे दोन-चार आभासी संगणक बंद करून फारसे काही साधत नाही. उरलेले संगणक मोजक्या सर्व्हरवर एकवटून काही सर्व्हर पूर्ण बंद केले, तरच खरी बचत होते. तथापि, सर्वच संगणक रात्रभर सुरू ठेवणे हाही अपव्ययच होय. वीजपुरवठ्यात कमाल मागणीसाठी राखीव क्षमता सज्ज ठेवावी लागते. तोच न्याय येथे लागू पडतो.

पुढील दिशा

संगणक केव्हा सुरू राहावा, हा निर्णय एकेका वापरकर्त्याच्या सवयीवर न सोडता मागणीच्या वेळापत्रकावर आधारणे हिताचे ठरेल. कार्यालय उघडण्यापूर्वी टप्प्याटप्प्याने संगणक सुरू करणे, सुधारणांसाठी आवश्यक असलेला पुनरारंभ रात्री उरकणे आणि सुटीच्या दिवशी केवळ किमान साठा सज्ज ठेवणे, या बाबी सेवा करारातच नमूद असाव्यात. संगणक सज्ज ठेवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हेही त्यात स्पष्ट असावे. काटकसर आणि तत्पर सेवा यांचा मेळ त्यातूनच साधता येईल.