वजा आठ आठवडे

हॉस्टेलच्या कट्ट्यावर बाळांचा विषय सहसा निघत नाही, मान्य. पण कुणाच्या दादा-वहिनीला, कुणा सरांना-मॅडमना हा प्रश्न पडलेला असतोच.

पूर्ण दिवस म्हणजे साधारण ४० आठवडे. ३७ पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. समजा, एक बाळ ३२ आठवड्यांवर जन्मलं. कॅलेंडरप्रमाणे सहा महिन्यांचं झालं तरी बसायचं नाव नाही. लगेच शेजारच्या काकू म्हणणार, "आमची चिंगी या वयात टेकून बसायची हो!" झालं, घरात टेन्शन. अहो, पण चिंगीला पोटात आठ आठवडे जास्त मिळाले होते ना! ते वजा करा. विकासाच्या हिशेबात हे बाळ चारच महिन्यांचं. डॉक्टर याला करेक्टेड एज म्हणतात, आपल्या भाषेत झीरो एरर. दोन वर्षांपर्यंत मान धरणं, पालथं पडणं, पहिला शब्द, सगळं या वयाने मोजायचं. लस मात्र जन्मतारखेनेच.

खरी गोची डोळ्यांची. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि कडेला पोचायला जवळपास पूर्ण दिवस घेतात. बाळ लवकर बाहेर आलं तर ही वाढ अडते, मग भलत्याच वाहिन्या फुटतात आणि पडदा ओढून सोडवू शकतात. नाव लांबलचक: रेटिनोपॅथी ऑफ प्रिमॅच्युरिटी. बाहेरून डोळा ठणठणीत दिसतो! म्हणून भारतातल्या सूचनांप्रमाणे ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांत व्हायला हवी. वेळेत लेसर मिळाला तर बहुतेकदा दृष्टी वाचते. इथे वजाबाकी चालत नाही.

आता २५ मार्च २०२० आठवा. एसटी बंद, रेल्वे बंद. तालुक्याच्या गावाहून एवढंसं बाळ शहरातल्या नेत्रतज्ज्ञांकडे न्यायचं कसं? त्यात दवाखान्यात कोरोना लागेल ही धास्ती. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, भीती खरी होती.

दुसरा घोळ दवाखान्यांत झाला. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवायची कांगारू पद्धत १९७० च्या दशकाअखेर कोलंबियातल्या बोगोटा इथे निघाली, काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून. भारतासह पाच देशांत ३,२११ बाळांवर झालेल्या चाचणीत, तब्येत स्थिरावायची वाट न बघता ती लगेच सुरू केल्यावर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. हे निकाल २०२१ मध्ये छापून आले, आणि नेमक्या त्याच काळात जगभर कितीतरी ठिकाणी संसर्गाच्या भीतीने आई आणि बाळ वेगळे ठेवले जात होते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी आकडे मांडले: कांगारू पद्धत सर्वांपर्यंत पोचली तर सव्वा लाखापर्यंत बाळं वाचतील, उलट कोरोनाने दगावू शकणारी नवजात बाळं २,००० हून कमी.

ही मुलं आता शाळेत जातात. दोन वर्षांनंतर वजाबाकी संपली तरी चष्मा लागणं, लक्ष न टिकणं, गणितात अडखळणं अशा मुलांत जास्त आढळतं. तुमच्या घरात कुणी असेल तर जुनं डिस्चार्ज कार्ड काढून बघा. त्यावर आठवड्यांचा आकडा असतो. तो बाईंना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना, दोघांनाही सांगून ठेवा.