घरातली ओल आणि कायद्यातली पाच वर्षं

दारातच एकांनी आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि बिल्डरचा कायदा, हे कसं काय? उत्तर सोपं आहे. आमचं छत गळत होतं.

2018 च्या दिवाळीत आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या नव्या फ्लॅटचा ताबा घेतला. पैसा निवृत्तीचा, म्हणजे पुन्हा न येणारा. दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली. बिल्डरच्या ऑफिसात फोन केला. माणूस आला, पुट्टी भरून रंग मारून गेला. ‘सर, आता काळजी नको.’ पुढच्या जुलैत ओल पुन्हा हजर. पुन्हा फोन, पुन्हा रंग.

न्यायदर्शनात विद्यार्थ्यांना पहिलं उदाहरण शिकवतात ते डोंगरावरच्या धुराचं. धूर दिसला, तर आग आहे असं अनुमान करायचं. आमच्या छतावरची ओल हा धूर होता. आग होती गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. रंग मारणं म्हणजे धूर पुसणं!

आता कायदा काय म्हणतो ते बघू. 2016 चा स्थावर संपदा कायदा, ज्याला आपण सगळे ‘रेरा’ म्हणतो, त्याच्या कलम 14 मधलं तिसरं पोटकलम. ते मे 2017 पासून लागू आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत घरातला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दूर करायचा. नाही केला, तर योग्य ती भरपाई मागता येते. आणि दोष दूर करायचा म्हणजे दोषच, त्याचा डाग नव्हे.

लोक याला ‘पाच वर्षांची गॅरंटी’ म्हणतात आणि मिक्सरच्या गॅरंटी कार्डासारखं कपाटात ठेवून देतात. इथेच घोटाळा होतो. घड्याळ सुरू होतं ताब्याच्या दिवशी, दोष दिसला त्या दिवशी नाही. आणि बिल्डरचे तीस दिवस सुरू होतात ते तुम्ही सांगितल्यावर. तुम्ही गप्प बसलात तर पाच वर्षं निमूटपणे संपतात.

बिल्डरकडचा एक ठरलेला युक्तिवाद असतो, ‘सर, हे स्ट्रक्चरल नाही.’ म्हणजे जबाबदारी फक्त बीम आणि कॉलमची. आम्हालाही हेच ऐकवलं गेलं. पण कलमात रचनेतल्या दोषाच्या पुढे ‘किंवा’ आहे, आणि त्या ‘किंवा’नंतर कामाची कारागिरी, दर्जा, सेवासुविधा, करारातली इतर बंधनं, असं सगळं येतं. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही ‘आणि’ व ‘किंवा’ यांवर तास घेत असू, मुलं कंटाळत. आपल्याकडच्या 1963 च्या मोफा कायद्यात मुदत तीन वर्षांची होती, आणि दुरुस्ती ‘शक्य असेल तिथे’ करायची होती. रेराच्या या कलमात ‘शक्य असेल तिथे’ नाही.

अर्थात सगळंच दोषात मोडत नाही. नळाचा वायसर झिजला, तर ती झीज. तुम्ही हौसेनं बाथरूमच्या फरशा उखडल्या आणि मग खालच्यांकडे गळायला लागलं, तर बिल्डर हात वर करणार, आणि आमच्या मते त्यात त्याचं फारसं चुकत नाही.

आता खरा मुद्दा. ‘निदर्शनास आणणे’ कसं, हे कलमात सांगितलेलं नाही. तोंडी सांगितलं तरी सांगितलंच. पण सत्य वेगळं आणि प्रमाण वेगळं. आमच्या मजल्यावरच्या एका स्नेह्यांनी आमच्या चार महिने आधी ताबा घेतला होता. फोन त्यांनीही केले, आश्वासनं त्यांनाही मिळाली. पाच वर्षं उलटली तेव्हा हातात एकही कागद नव्हता. बिल्डर म्हणाला, तुम्ही मुदतीत कळवलंच नाही. ते खोटं होतं. पण खोटं ठरवणार कशाने? दुरुस्तीचा खर्च त्यांनी खिशातून केला.

आम्ही सप्टेंबर 2023 मध्ये लिहिलं, मुदत संपायला जेमतेम दोन महिने असताना. शहाणपणा आमचा नव्हे, सौभाग्यवतींचा. पत्रात ताब्याची तारीख, ओल कुठे आणि कधीपासून, फोटो, एका इंजिनिअरचा अभिप्राय, कलमाचा उल्लेख. स्पीड पोस्टानं पाठवलं, ईमेलही केला, दोन्हींची पोच ठेवली. तीस दिवस उलटले. मग महारेराकडे तक्रार करणार असं दुसरं पत्र गेलं, तेव्हा कुठे गच्ची उकरली गेली. तसं झालं नसतं, तर महारेराखेरीज ग्राहक आयोगाची वाटही होती. रेरामुळे ती बंद झालेली नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे.

समोरून प्रश्न आलाय, फ्लॅट रीसेलमध्ये घेतला असेल तर? कायद्यातल्या व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो, भाडेकरू मात्र येत नाही. पण तुमच्या खरेदीने घड्याळ पुन्हा शून्यावर येतं असं समजू नका. बिल्डरनं पहिल्या मालकाला ताबा दिला ती तारीख धरा, आणि व्यवहाराच्या वेळीच त्यांच्याकडून मूळ ताबापत्राची प्रत मागून घ्या.