वंशवेल आणि वाढते वजन

लग्नाला तीन-चार वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे पहिली नजर जाते ती सुनेकडे. व्रतवैकल्ये तिने करावयाची, औषधे तिने घ्यावयाची आणि हळदीकुंकवातील कुजबुजही तिनेच ऐकावयाची. वस्तुतः अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोष, एकटा वा जोडीने, कारणीभूत असतो. या दोषामागील एक कारण डोळ्यांसमोर असूनही दुर्लक्षिले जाते. ते म्हणजे पुरुषाचे वजन.

सुटलेले पोट हे खात्यापित्या घरचे लक्षण, अशी आपली जुनी समजूत. परंतु चरबी ही निव्वळ साठवण नव्हे. टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी अंतःस्राव चरबीच्या पेशींत इस्ट्रोजेन या स्त्री-अंतःस्रावात पालटतो. हे प्रमाण वाढले, की मेंदूकडून वृषणांना मिळणारी आज्ञा क्षीण होते. शिवाय वृषणांचे तापमान शरीराहून दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते. मांड्या व ओटीपोट यांवरील मेद ही शीतलता हिरावून घेतो.

२०१३ साली २१ अभ्यासांतील १३,०७७ पुरुषांची माहिती एकत्र पडताळण्यात आली. स्थूल पुरुषांत शुक्रजंतू कमी असण्याचे वा मुळीच नसण्याचे प्रमाण अधिक आढळले. अर्थात प्रत्येक स्थूल पुरुष वंध्य असतो असे नव्हे. तसाच प्रत्येक सडपातळ पुरुष निर्दोष असतो असेही नव्हे.

यात आशेचा किरणही आहे. २०२२ साली डेन्मार्कमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५६ स्थूल पुरुषांचे वजन आठ आठवड्यांच्या अल्पाहाराने सरासरी साडेसोळा किलोंनी उतरले आणि शुक्रजंतूंची घनता सुमारे दीडपट झाली. ज्यांनी वजन पुन्हा वाढू दिले नाही, त्यांचा लाभ वर्षभरानंतरही टिकला. इतका कडक आहार मात्र वैद्यकीय देखरेखीवाचून करू नये. नवे शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. तेव्हा नियमित व्यायाम, मिताहार आणि धीर यांची सांगड हवी. ताकदीसाठी म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. त्यांनी शुक्रनिर्मिती उलट मंदावते.

वीर्यतपासणी सोपी, वेदनारहित असते. तीत कमीपणा कसला? सुनेला दवाखान्यात धाडताना घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलालाही तिच्यासोबत पाठवावे, एवढेच सांगणे.