४,२९,४९,६७,२९७ : मूळ वाटणारी, पण मूळ नसलेली संख्या

२ चा ३२ वा घात काढून त्यात १ मिळवला की ही संख्या येते. शेवटचा अंक ७ आणि अंकांची बेरीज ५९, म्हणजे २, ३, ५ बाद. ७, ११, १३ नेही भाग जात नाही. शाळेतल्या कसोट्या इथे संपतात आणि संख्या मूळ असणार असं वाटू लागतं. प्रत्यक्षात ती ६४१ × ६७,००,४१७ आहे.

ती मूळ असल्याचं गणितज्ञ फर्मानं सिद्ध केलं होतं, असं अनेकदा ऐकू येतं. तसं नाही. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या त्याच साच्यातल्या (२ चा घातांक १ पासून दर वेळी दुप्पट, आणि त्यात १ मिळवायचा) आधीच्या पाच संख्या मूळ आहेत. त्यावरून साच्यातली प्रत्येक संख्या मूळ असावी, असं त्यानं १६४० मध्ये पत्रातून मांडलं आणि आपल्याकडे पक्की सिद्धता नसल्याचंही लिहिलं. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरनं ६४१ हा विभाजक दाखवला.

एवढ्या मोठ्या संख्येसाठी अब्जावधी भागाकार करावे लागतात, हाही गैरसमजच. संयुक्त संख्येला तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसलेला एक तरी मूळ विभाजक असतोच. इथे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे, म्हणजे फार तर ६,५४२ मूळ संख्या तपासायच्या. ऑयलरनं पुढे हे काम आणखी हलकं केलं. या संख्येचा मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असला पाहिजे, हे त्यानं सिद्ध केलं. अशा मूळ संख्या ओळीनं १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच भागाकारात काम फत्ते!

मला मात्र भागाकाराशिवायची सिद्धता जास्त आवडते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्या मांडणीवरून, ६४१ ने भागल्यावर ५ × १२८ ची बाकी −१ धरता येते. चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, आणि बाकी १. दुसऱ्या मांडणीमुळे ६२५ च्या जागी −१६ ठेवता येतात. १६ गुणिले २ चा २८ वा घात म्हणजे २ चा ३२ वा घात. त्याचं चिन्ह बदलल्यावर बाकी १ उरते, म्हणून त्यात १ मिळवला की नि:शेष भाग जातो. किती देखणं आहे हे!

ऑयलरनं या साच्याचा प्रश्न कायमचा मिटवला, असं मात्र नाही. फर्माच्या साच्यातली सहावी मूळ संख्या आजवर सापडलेली नाही, पण ती नाहीच असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. शिवाय विभाजक हाती आल्याशिवाय संख्या संयुक्त ठरवता येत नाही, ही समजूतही चुकीची आहे. याच साच्यातली २ चा १६,३८४ वा घात अधिक १ ही ४,९३३ अंकी संख्या संयुक्त असल्याचं १९६० च्या दशकातच कळलं होतं. तिचा पहिला विभाजक सापडला २०१० मध्ये.