काखेतली गाठ : दुखत नाही म्हणून सोडू नका

हाताला काटा रुतून जखम पिकली की काखेत अवधाण येतं. काखमांजरी झाली तर ठणका लागतो, पू निघतो आणि ती बसते. ही दुखणी आपल्या ओळखीची. पण कधी काखेत कडक गाठ येते, दुखत नाही, महिनोन् महिने हळूहळू वाढते. अशी गाठ क्वचित घामाच्या ग्रंथींचा कर्करोग असू शकते. हा रोग फार दुर्मिळ, पुरुषांनाही होतो. दुखत नाही म्हणून माणूस हंगाम उरकेपर्यंत थांबतो आणि रोगाला पसरायला सवड मिळते.

नुसतं हाताने चाचपून हा रोग ओळखत नाही. पानावरचा डाग बुरशीचा की जिवाणूचा, हे जसं प्रयोगशाळेत ठरतं, तसंच इथंही. डॉक्टर गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. यालाच बायॉप्सी म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाची गाठही काखेत येते आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्या दिसू शकतात. म्हणून स्तनांचीही तपासणी लागते. ‘सुई लावली की गाठ भडकते’ या समजुतीपायी तपासणी टाळू नका. गाठ काढलीच, तर ती फेकू न देता तपासायला पाठवा, असा आग्रह धरा.

दोन-तीन आठवड्यांत न बसणारी गाठ प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. लेप, डाग नकोत. सरपंच, ग्रामसेवकांनीही लक्षात ठेवावं : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार आहेत. पैशापायी कुणी घरी बसू नये.